सहाऐवजी तीन

तळहातावर मावेल एवढी हिरवी पट्टी – तिनेच संगणकावर आखलेल्या सर्किट बोर्डाचा पहिला नमुना – आणि तिच्या कडेला, तांब्याच्या दोन रेघांमध्ये, आगपेटीची काडी जेमतेम बसेल एवढी फट... तिने पट्टी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. अंतर काही वाढेना. तीन मिलिमीटर. हवं होतं सहा. फटीच्या एका बाजूला प्लगमधून येणारी वीज, दुसऱ्या बाजूला ऊब देणाऱ्या गादीची तार, आणि त्या गादीवर निजणार अपुऱ्या दिवसांची बाळं.

पण सॉफ्टवेअर तर म्हणालं होतं, चुका शून्य! असं कसं... आणि मग आठवलं, लख्ख आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी त्याच जागी चूक दाखवणारं लाल वर्तुळ पडद्यावर सारखं उगवत होतं, आई फोनवर विचारत होती, "अगं, जेवलीस का?" – आणि हिने, बाकीची आखणी तरी होऊ दे, हे मागाहून बघू, म्हणून त्या वर्तुळावर 'दुर्लक्ष करा' दाबलं होतं. ते मागाहून काही आलंच नाही. सॉफ्टवेअर बिचारं आज्ञाधारक. मेल्या, एकदा तरी उलटून विचारायचंस!

बाराशे बोर्डांची फाइल आज दुपारी कारखान्याला जाणार. आत्ता सांगितलं तर थांबवता येईल. महिना वाया जाईल, साहेब सगळ्यांसमोर सोलून काढतील... काढू देत. उठायचं आणि सरळ सांगायचं. तसं तीन मिलिमीटरवरून वीज लगेच पलीकडे उडी मारेल असंही नाही, दमट खोलीत, कधीतरी, एखाद्याच... एखाद्याच काय? शी! काय मोजतेयस तू?

"काय गं, भूत बघितलंस का?" साहेब खुर्चीमागे उभे होते. "फाइल पाठवतोय. शेवटची तपासणी झाली ना? चुका शून्य?"

आता. आत्ताच बोल...

"हो, शून्य."

साहेब गेले. खोटंही नव्हतं ते, पडद्यावर शून्यच तर होतं. चार पावलांवर त्यांचं टेबल. हाक मारली तर ऐकू जाईल. ती खुर्चीतून अर्धी उठली आणि परत बसली. मघापासून तिला त्या फटीची भीती वाटत होती; आता त्या 'हो'ची वाटू लागली – किती सहज आलं होतं ते, जराही न अडखळता, तिच्या रोजच्या आवाजात.