भिंतीबाहेर गेलेलं नाव

नेटवाला शिवप्पा स्टुलावरून उतरला, हातावरची सिमेंटची धूळ झटकली आणि मोबाईल समोर धरून दारापर्यंत चालत गेला.

"बघा ताई, आता कशी फुल्ल रेंज हाय! आतल्या खोलीत कोंडून ठेवला व्हता तुम्ही राउटर. ह्या भिंतीतून माणसाची हाक जात न्हाई, नेट काय जातंय?" मग स्क्रीनवर बोट ठेवून त्यानं मोठ्यानं वाचलं, "जयभीम बिलोली. हेच ना तुमचं?"

दार सताड उघडं होतं. पंचशीलाच्या हातातला चहा बशीत सांडला. तिनं आधी जिन्याकडं पाहिलं, मग घाईनं दार लोटून घेतलं.

"हळू बोला ना भाऊ."

चहा पिऊन शिवप्पानं ड्रिल पिशवीत टाकलं. जाता जाता एवढंच म्हणाला, "आता खाली पार्किंगपत्तूर येतंय बघा."

त्याला वाटलं, आपण बाईंना खूश केलं.

मायाच्या नीटच्या क्लाससाठी मायलेकी बिलोलीहून लातूरला आल्या होत्या. येताना पंचशीलानं सगळं सांभाळून आणलं होतं. बाबासाहेबांचा फोटो कपाटात साड्यांच्या मागं गेला. महामायाची माया झाली, पंचशीलाची शीला. आडनाव गायकवाड, ते कुठंही खपून जातं. घरमालक किशनरावांनी खोली देताना हसत हसत सांगितलं होतं, "माझं काही न्हाई हो ताई, पण बाकीच्यांना चालत न्हाई." आधीच्या मालकाचंही काही नव्हतं. फक्त खरी नावं कळल्यावर त्याला अचानक पुतण्याचं लग्न आठवलं आणि खोली रिकामी करून हवी झाली. त्या धावपळीत माया टेस्टमध्ये पार मागं पडली होती. आता तर परीक्षा तोंडावर आली होती.

एवढी अक्कल चालवली, पण राउटर घरचाच उचलून आणला. त्याचं नाव नवऱ्यानं, आनंदराजनं, एका चौदा एप्रिलला हौसेनं ठेवलं होतं आणि नंतर सगळे विसरून गेले होते. भिंतीला कान असतात म्हणतात, पण किशनरावांच्या भिंती ठार बहिऱ्या होत्या. भूकंपाच्या धास्तीनं त्यांनी त्या जाडजूड बांधून घेतल्या होत्या. आतल्या खोलीतलं नेट स्वयंपाकघरापर्यंतही पोचत नसे. मायाची ऑनलाइन टेस्ट अडकायची ती त्यामुळंच, आणि आजवर दोघी सुखानं राहिल्या त्याही त्यामुळंच.

"माया, आत्ताच्या आत्ता ते नाव बदल."

"मम्मी, टेस्ट चालू हाय. नाव बदललं की नेट तुटतंय. अर्धा पेपर जाईल."

पंचशीला दाराशीच उभी राहिली. खाली कुणाची तरी गाडी लागली, कुणी तरी हसलं. मग जिन्यावर चपला वाजल्या आणि बेल झाली.

किशनराव होते. त्यांनी मोबाईल तिच्यापुढं धरला.

"शीलाताई, हे बघा बरं. मघापासून माझ्या मोबाईलवर हे काय येऊन राहिलं? आपल्या बिल्डिंगीत तर असं कुणी न्हाई."

राउटर दाराच्या वरच्या अंगाला, तिच्या डोक्यावर लुकलुकत होता. किशनरावांनी मान वर केली असती तर दिसला असता.

"काय म्हाईत काका," ती म्हणाली. "आमचं न्हाई ते."

"तुमचं कसं असंल! मी आपलं सगळ्यांना विचारून राहिलो."

ते वर गेले. वरच्या ज्योत्स्नाबाईंची बेल वाजली, थोडं बोलणं झालं आणि चपला खाली उतरल्या. पंचशीला भिंतीला टेकली. 'आमचं न्हाई' हे शब्द तोंडातून किती सहज निघाले, याची तिला किशनरावांहून जास्त भीती वाटली.

टेस्ट संपल्यावर मायानं नाव बदलून 'होम' केलं. मान वर केली नाही.

"पप्पांना काय सांगू?"

"काही सांगू नको. परीक्षा होऊ दे."

सकाळी मायानं मोबाईल तिच्यापुढं आणला.

"मम्मी, हे बघ. हे काल नव्हतं."

'होम'च्या खाली दुसरं नाव होतं. नमो बुद्धाय. पुढं रेंजची एकच काडी.

दोघी अनवाणी जिन्यात आल्या. खाली दोन पायऱ्या उतरल्या तर काडीही गेली. वर चढू लागल्या तशा काड्या वाढत गेल्या. ज्योत्स्नाबाईंच्या दारासमोर सगळ्या भरल्या. आत कुकर शिट्टी देत होता.

ज्योत्स्नाबाई शाळेत शिकवायच्या, याच बिल्डिंगीत भाड्यानं राहायच्या. भेटतील तेव्हा विचारायच्या, तुमचं माहेर कुठलं, बिलोलीत कुणाकडच्या तुम्ही? या चौकश्यांना भिऊन पंचशीलानं त्यांच्या वेळेला जिना उतरणंच सोडलं होतं. आणि बाई आपलं माणूस शोधत होती! काल किशनरावांच्या मोबाईलवर ते नाव पाहून तिला धीर आला असणार. तिनं आपलं नाव लावलं, आणि तोवर या दोघींनी आपलं पुसून टाकलं. आता सगळ्या बिल्डिंगीत ती एकटीच उघडी पडली होती. पंचशीलाला रडू आलं.

खालून चपला वाजल्या. किशनराव मोबाईल पुढं धरून सावकाश चढत होते. मायलेकी चार पायऱ्या खाली सरकून भिंतीला लागल्या.

"कालचं गेलं, अन् आज हे दुसरंच," ते म्हणाले. "वरूनच येऊन राहिलं वाटतं."

ते पुढं गेले आणि ज्योत्स्नाबाईंच्या दारापाशी थांबले. "हितं फुल्ल हाय बघा."

पंचशीलाला काहीच करावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प राहिलं की झालं. कालचा संशयही त्याच दारावर गेला असता, माया परीक्षेला बसली असती आणि खोली राहिली असती. तिनं मायाकडं पाहिलं. माया पायरीकडं बघत होती.

किशनरावांनी बेलकडं हात नेला.

"काका." पंचशीला एक पायरी वर चढली. "थांबा. कालचं ते आमचं होतं."

किशनराव वळले. "काय म्हणता?"

"आमचं होतं. मी खोटं बोलले."

मायानं तिचा हात घट्ट धरला. बेलकडं गेलेला किशनरावांचा हात खाली आला.

आतला कुकरचा आवाज थांबला. मग ज्योत्स्नाबाईंच्या दाराची कडी निघाली.