इथे कोण आहे ऐकायला?

तिला मी चालीवरून ओळखलं. चेहरा पार बदलला होता, गाल ओघळले होते, केसांची रया गेली होती. पण पाऊल तसंच, जमिनीवर उपकार केल्यासारखं. दुकानाची पायरी चढताना तिने कठड्याला हात लावला नाही, नातीचा दंड धरला. कठड्याला काय, कुणीही हात लावतं.

तिने मला ओळखलं नाही. ओळखणार कशी? माझं तोंड तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या बंगल्यावर मी कित्येक वर्षं शिवायला गेले. डोक्यावर हातमशीन, काखेत पोर, आणि आत जायचं ते मागच्या दाराने. ती कापड माझ्यासमोर टाकायची आणि बोलायची ते माझ्या डोक्यावरून, पलीकडच्या भिंतीशी.

काय घडलं होतं ते आधी सांगते, म्हणजे मी पुढे जे केलं त्याला कुणी उगाच नावं ठेवायला नको. तिने एकदा जुन्या कपड्यांचं गाठोडं माझ्याकडे फेकलं. "फडकी शिवून दे, लादी पुसायला." त्यात तिच्या मुलीचा एक निळा फ्रॉक निघाला. एका बगलेत उसवलेला, बाकी नवाकोरा. मी तो घरी नेला, बगल सांधली, घेर आत घेतला आणि माझ्या लेकीला घातला. लेक तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. फ्रॉक घालून ती माझ्याबरोबर बंगल्यावर आली, मशीनशेजारी बसली आणि झालरीवरून हात फिरवत राहिली.

त्या दिवशी तिथे पाहुण्या बायका आल्या होत्या. बंगलेवाली त्यांना बाग दाखवत मागे आली आणि थबकली. "हा फडक्यांसाठी दिला होता," ती भिंतीला म्हणाली. "अंगात घालायला नाही. कुणाला वाटायचं, आमच्याच घरातली आहे." मग तिने तो फ्रॉक तिथेच उतरवायला लावला. माझी कात्री माझ्याच पुढ्यातून उचलली, फ्रॉकचे उभे-आडवे तुकडे केले आणि माझ्या मांडीवर टाकले. "घे. आता झाली फडकी." बायका हसल्या. माझी लेक चड्डीवर उभी होती. रडली नाही. नुसती एकेका बाईच्या तोंडाकडे बघत राहिली.

त्यानंतर मी बंगल्याची पायरी चढले नाही. भाड्याच्या खोलीत एक मशीन टाकलं, त्याचं दुसरं झालं, मग हे दुकान झालं. आता हाताखाली बायका आहेत, बाहेर पाटी आहे, आणि कापणीच्या टेबलावर माझी लेक उभी असते. तिच्यासारखा कापणारा हात या बाजारात दुसरा नाही. हे मी आई म्हणून सांगत नाही. आई म्हणून सांगायचं तर आणखी बरंच सांगेन.

तर बंगलेवालीने पिशवीतून स्वतःच्या लग्नातला पोशाख काढला. भारी रेशीम, पण घड्यांवर पिवळं पडलेलं.

"नातीचं लग्न ठरलंय," तिने माझ्यामागच्या कपाटाला सांगितलं. "हा असा कर की नवा वाटला पाहिजे. अगदी नवा. मुलाकडच्यांना कळता कामा नये."

"मुलाकडचे कोण म्हणायचे?" मी विचारलं.

तिने नाव असं सांगितलं, जसं तोंडात खडा यावा. मी टेप गळ्यात टाकला आणि काम लगेच घेतलं.

कारण मुलाची आई म्हणजे आमची विटावाली. आम्ही दोघी एकाच गल्लीत, एकाच नळावर भांडलेल्या. नवऱ्याच्या बरोबरीने तिने डोक्यावरून विटा वाहिल्या, पुढे भट्टी घेतली, मग भट्ट्या. पैसा आला पण घालायचं काय ते तिला कळेना; एका समारंभाला गेली ती सोनाराची खिडकी होऊन. तेव्हा मी तिला शिकवलं, "सोनं कमी कर, शिलाईवर खर्च कर, श्रीमंत दिसशील." तेव्हापासून ती माझ्या शब्दाबाहेर नाही. मुलासाठी मुलगी बघून आली तेव्हा मलाच पहिला फोन. "मोठं घर आहे गं ताई. छप्पर गळतंय, पण घराणं मोठं. फार मानाने बोलतात आपल्याशी." कुणाचं घर ते मात्र मी विचारलं नव्हतं.

बंगलेवाली आणि नात गेल्यावर लेक टेबलावरचा खडू खाली ठेवत म्हणाली, "आई, तीच ना ही?"

"कोण ती?"

"नाटकं करू नकोस."

"असेल बाई. आपल्याला काय, कपडा शिवायचा."

"तुझं तोंड मला दिसतंय. सोड आता. म्हातारी झाली ती."

"आणि मी काय कोवळी आहे?"

माझी लेक म्हणजे मऊ मेण. उधारी थकवणाऱ्या गिऱ्हाइकाला पैसे दोनदा मागत नाही, दुकानात शिरलेल्या मांजरालाही 'अगं बाई, चल ना' म्हणते. हिच्या पोटात राग कधी टिकला नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे. म्हणून तिच्या वाटचा राग मीच सांभाळून ठेवला होता, आणि तो चांगला मुरला होता.

मी काही खोटंनाटं केलं नाही. चुगली केली नाही, पोशाखात खोड ठेवली नाही. मी फक्त दोघींना एकाच दुपारी बोलावलं.

विटावाली आधी आली. लग्नात घालायला तिला मखमली जाकीट हवं होतं. आमच्याकडे माप बघायच्या दोन खोल्या आहेत. मधे लाकडी फळी, ती वर छतापर्यंत पोचत नाही, आणि दोन्हींना पुढे पडदा. आतल्या खोलीत तिला कच्चं शिवलेलं जाकीट चढवलं, सगळीकडून टाचण्या लावल्या आणि स्टुलावर बसवलं.

"हलू नकोस, टोचतील. आणि बोलूही नकोस, बोललं की छाती हलते, माप चुकतं."

"किती वेळ गं ताई?"

"बोललीस?"

ती गप्प झाली. मी पडदा ओढला. आणि बाहेरच्या खोलीत बंगलेवालीच्या नातीला उभं केलं.

घेर दुमडायचं काम आता माझं नाही, माझे गुडघे त्या कामाचे राहिले नाहीत. पण त्या दिवशी मी तोंडात टाचण्या धरून स्वतः जमिनीवर बसले. लेक टेबलावरून बघत होती. तिने कामाच्या बाईला पुढे करायला हात केला, मी डोळ्यांनीच अडवलं. नातीच्या मात्र लक्षात आलं. "मावशी, गुडघे दुखतील तुमचे," म्हणत तिने खुर्चीवरची उशी माझ्याकडे सरकवली. मला तिचा रागच आला. त्या घरात असलं माणूस असायलाच नको होतं.

बंगलेवाली खुर्चीत बसली. पायाशी शिवणारीण, समोर आरसा. तिला घरी आल्यासारखं वाटलं असणार. जीभ सुटायला वेळ लागला नाही.

"छान दिसतंय. त्या बाईचे डोळे दिपतील. तिला काय कळणार म्हणा, रेशीम आणि पोतं तिला सारखंच."

"आजी!"

"काय आजी? जेवायला आली होती तेव्हा पाहिलंस ना, काटा-चमचा कसा धरला होता? फावडं धरावं तसा. मी तर हातरुमाल नाकाला लावून बसले होते. अजून भट्टीचा वास येतो अंगाला."

"आजी, हळू बोल गं."

बंगलेवालीने खोलीभर नजर फिरवली. ती माझ्यावरून गेली, थांबली नाही.

"इथे कोण आहे ऐकायला?" ती म्हणाली.

मी एक टाचणी लावली.

"छप्पर होऊ दे, घर नीट होऊ दे. मग बघ. एकदा तू तिथे पाय रोवलास की त्या बाईला आपल्या दारात मागूनच यायला लावते. आणि मुलाला म्हणावं, आईला चारचौघांत आणत जाऊ नकोस. सांगायचं, तब्येत बरी नसते."

"मला तो आवडतो, आजी," पोर एवढंच म्हणाली. "त्याची आईही आवडते."

"आवडू दे. आवडायला काय लागतं?"

फळीपलीकडे स्टूल करकरलं. पडदा बाजूला झाला. विटावाली बाहेर आली ती अर्ध्या जाकिटात, एक बाही आहे, एक नाही, सगळीकडून टाचण्या बाहेर. एखादी तिच्यात रुतलीही असेल, पण तोंडावर काही दिसलं नाही. भट्टीवर उभं आयुष्य काढलेली बाई, तिला टाचणी काय टोचणार!

ती पोरीजवळ आली, तिच्या गालाला हात लावला. "तुझं काही चुकलं नाही, बाळा." मग म्हातारीकडे वळली. "विहीणबाई, माझी तब्येत ठणठणीत आहे. तुमच्या घरी मात्र आता कुठल्याच दाराने यायची नाही मी. मुलालाही सांगते." जाकीट तसंच अंगावर, वरून शाल, आणि गेली. बाहेर तिच्या गाडीचं दार आपटलं.

खरं सांगते, मला असं वाटलं की कुणीतरी माझ्या पाठीवरचं मशीन उतरवून ठेवलं.

पोर खाली बसली, त्या रेशमासकट. बंगलेवाली आरशात बघत राहिली. बहुधा आरशातल्या बाईने काहीतरी करावं म्हणून. मग पहिल्यांदा, आयुष्यात पहिल्यांदा, तिने खाली माझ्याकडे पाहिलं.

"ती तुझ्याकडेच शिवते तर. चांगली ओळखीची दिसते. तुझं ऐकेल ती?"

"ऐकेल," मी टेकू घेत उठले. "माझ्या शब्दाबाहेर नाही."

"मग जा. आत्ताच्या आत्ता जा. सांग, म्हातारी बरळते, डोकं ठिकाणावर नाही." मग आवाज खाली आला. "या पोरीचं सगळं त्या घरावर आहे. आमचं दुसरं काही उरलेलं नाही. मी… मी विनंती करते."

विनंती हा शब्द तिच्या तोंडून असा आला, जणू उसना आणलाय. मी तो कानात नीट साठवून घेतला. आणि मला हाव सुटली. एवढ्यावर भागेना.

"मला नको विनंती करू," मी म्हणाले. 'अहो' माझ्या तोंडातून कधी गळालं, मला कळलंही नाही. "ती टेबलापाशी उभी आहे ना, माझी लेक. तिला विचार. ती हो म्हणाली तर अशी निघते."

आणि मी निघणारही होते. मनातल्या मनात चपला घातल्या होत्या. मला ठाऊक होतं लेक काय म्हणणार. 'जाऊ दे गं आई, त्या पोरीचं काय चुकलं?' एवढंच. मग मी जाणार, विटावालीला समजावणार, लग्न लागणार, आणि बंगलेवाली मरेपर्यंत माझ्या लेकीच्या उपकारात राहणार. याहून गोड सूड कुठला?

म्हातारी टेबलापर्यंत चालत गेली. यावेळी कुणाचा दंड धरला नाही. तिने दोन्ही हात जोडले.

लेकीने विचारलं, "मला ओळखलंत?"

बंगलेवालीने तिच्याकडे नीट बघितलं. मनापासून आठवायचा प्रयत्न केला, हे मीही नाकारणार नाही.

"तू इथेच कामाला आहेस ना?" ती म्हणाली.

लेक जराशी हसली. पोर डोळे पुसत तिच्याकडे बघत होती. लेकीने पोरीकडेही पाहिलं, चांगला वेळ घेऊन पाहिलं. मग म्हणाली,

"नाही."

"म्हणजे, कामाला नाहीस?"

"आई जाणार नाही. हे माझं उत्तर." आवाज चढवला नाही, शब्द दाबला नाही. टेबलावरचं कापड सरळ केलं आणि पुढची रेघ मारायला घेतली.

मी म्हणाले, "अगं, पोरीचं तरी…"

"आई, तू मला विचारायला लावलंस ना?"

त्या दोघी गेल्या. पोरीने जाताना पोशाख स्वतः घडी करून नेला. लग्न मोडलं, मोडलेलंच राहिलं. विटावालीचा मुलगा कितीतरी दिवस घरात जेवला नाही म्हणे. बंगल्याचं छप्पर अजून गळतं. ऐकलं की मला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू?

फक्त एक झालंय. इतकी वर्षं मला वाटायचं, तो राग मी एकटीने सांभाळला, माझ्या पोरीला त्याची धगही लागू दिली नाही. आता ती समोर जेवायला बसते, हसते, मांजराला 'अगं बाई' म्हणते, आणि मी तिला भाजी वाढताना दोनदा विचार करते. या घरात सगळे मला वचकून असतात. मी आता तिला वचकून असते.