मधल्या दारावरची जाळी

टिश्यू कागदाची बोटभर रुंद पट्टी मधल्या दारावरच्या लाकडी जाळीशी धरली, तेव्हा ती आधी नुसती शहारली आणि मग सगळीच्या सगळी बाबांच्या खोलीकडे वळली.

माहेरी येऊन शिडीवर चढलेल्या तिला हे अपेक्षितच होतं. जुनी घरं कमी विजेत उबदार राहतील अशी करून देणं हेच तिचं काम. इथं तर कोडंही नव्हतं – आईच्या गुडघ्यांसाठी तिच्या खोलीत हीटर, शेजारच्या खोलीत बाबांना खिडकी उघडी टाकल्याशिवाय झोप नाही, आणि दोघांच्या मध्ये ही जाळी. गेल्या हिवाळ्यात हीटर अखंड चालू असूनही आईला पलंगावरून उतरताना भिंत धरावी लागत होती.

"म्हणजे मी आख्खी गल्ली शेकत होते," सकाळी हे ऐकून आई म्हणाली.

"फट म्हणता ब्रह्महत्या!" बाबा म्हणाले. "आता गुडघ्यांचं खापरही माझ्या खिडकीवर."

"मग लावा की खिडकी."

"गुदमरतो मी."

"घोरताना बरे गुदमरत नाही!"

घोरण्यापायीच तर खोल्या वेगळ्या झाल्या होत्या. जाळी बुजवायची, हे दोघांनाही पटलं. पटलं म्हणजे आई "बुजव" म्हणाली आणि बाबा पेपर उघडून बसले.

जाळीच्या मापाचा जाड फळा तिनं कापून आणला होता, कडेनं रबराची पट्टीही लावली होती. एकदा दाबला की बसला. पण काल आईच्या खोलीत दिवे मालवल्यावर ऐकलेलं मध्येच आठवत होतं... जाळीतून आईचं "अहो, ऐकलंत का?", पलीकडून "हूं", मग "अगं, ऐकलंस का?", आणि अलीकडून "हूं". दिवसभर एकमेकांना टोमणे मारणारी ही दोघं अंधारात जाळीतून इतकं बोलतात... दुधाविषयी, कुणाच्या तरी आजारपणाविषयी, पुन्हा दुधाविषयी.

तिचं स्वतःचं घर तिनंच बंदिस्त केलं होतं. लोकांना नमुना म्हणून दाखवावं असं – रस्त्यावरचा हॉर्नसुद्धा आत येत नाही. नवरा आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत मेसेज पाठवतो: जेवलो आहे. ती अंगठा पाठवते. मी सगळे सांधे तर नीट भरले होते... मग मी इतकी गारठते कुठून?

आई पिशवी घेऊन दुकानात गेली. जाताना तिनं बाबांना सांगितलं नसावं, किंवा त्यांचा डोळा लागला असावा. लेकीनं फळा उचलला, जाळीपर्यंत नेला – आणि पलीकडून आवाज आला, "अगं, ऐकलंस का?"

"हूं," ती म्हणाली.

का म्हणाली, कोण जाणे. हुबेहूब आईसारखं निघालं.

"पोर आल्यापासून ठोकाठोक करतेय. जावयाचा एकदाही फोन नाही. मी विचारलं तर हसण्यावारी नेईल. तू विचार." पलंग करकरला. "पण आज नको. कामात असली की बरी असते ती. जाळी म्हणे बुजवायची... बुजवू दे. तेवढंच तिला आपलं काहीतरी केल्यासारखं वाटेल."

आईच्या खोलीतली ऊब तिच्या मानेवरून जात होती आणि बाबांच्या खिडकीतला गारवा समोरून तोंडावर येत होता. फळा हातात जड झाला. खाली ठेवला तर आवाज होईल, म्हणून ती तशीच उभी राहिली.

"ऐकतेस ना?"

आईचा एक हुंकार असा होता, ज्याच्यानंतर बाबा विषय सोडून देत. आणि एक असा, ज्याच्यानंतर ते बोलत राहत. दोन्हींतला फरक तिला ऐकून ठाऊक होता, पण तसा हुंकार स्वतः कधी काढून बघितला नव्हता. आणि बाबांनी आत्ता बोलत राहावं, असं तिला इतकं वाटत होतं की ओठ उघडायचीच भीती वाटली.