सही वानतीची, अक्षर उद्धवचं

दिल्लीहून नोटीस आली तेव्हा वानती दवाखान्यात ड्युटीवर होती. उद्धवनं पाकीट फोडलं, नोटीस दोनदा वाचली. युद्धातली माहिती दडवून मिळवलेलं नागरिकत्व रद्द का करू नये, असं सरकार त्याच्या बायकोला विचारत होतं.

वानती श्रीलंकेच्या उत्तरेकडची तमिळ. सोळाव्या वर्षी बंडखोरांनी तिला घरातून ओढून नेलं, हातात बंदूक दिली. सात महिन्यांनी लढाई संपली, मग वर्षभर पकडलेल्या बंडखोरांच्या सरकारी छावणीत. पुढे ती चेन्नईला नर्सिंग शिकायला आली आणि तिथं लॅबमध्ये काम करणाऱ्या उद्धवशी तिचं जमलं. लग्नाआधीच तिनं त्याला सगळं सांगून टाकलं होतं. अमरावतीत संसार थाटला, वऱ्हाडी तिच्या जिभेवर बसली, मुलगी निधी झाली.

नागरिकत्वाचा अर्ज भरताना 'कधी सशस्त्र संघटनेत होता का?' या प्रश्नापाशी तिचा हात थांबला. उद्धवनं पेन घेतलं. "जबरदस्तीनं नेलं होतं तुले. ते काहून लिवाचं?" म्हणत त्यानं 'नाही' लिहिलं. तिनं खाली सही केली. आता छावणीच्या जुन्या यादीत तिचं नाव सापडलं होतं.

दोघं अकोल्याला दामिनी वकिलांकडे गेले.

"सही यांची आहे," वकीलबाई उद्धवला म्हणाल्या. "तुम्ही तोंड उघडलंत तर तुमच्यावरही गुन्हा दाखल होईल. यांचं नागरिकत्व वाचेल असंही नाही."

परतताना एसटीत वानतीनं त्याचा हात घट्ट धरला. "तुमी म्हणा, मले काईच माहीत नव्हतं. पोरीजवळ एक माणूस तरी रायलं पायजे."

चौकशीत साहेबांनी विचारलं, "गोळी चालवली?"

"हो."

"कोणी मेलं?"

"लय धूर होता साहेब. मले नाई माहीत."

"म्हणजे नवऱ्यालाही फसवलंत."

वानतीनं मान हलवली. "हो."

शेजारी बसलेल्या उद्धवला ते सोसवेना. तो ताडकन उठला. "खोटं बोलून राहिली ते! मले सगळं माहीत होतं. तो शब्द मी लिवला."

दोन महिन्यांनी आदेश आला. नागरिकत्व रद्द. जुन्या देशाचं तर तिनं आधीच सोडलेलं. नोकरी गेली, दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी लागली. उद्धववर गुन्हा नोंदला गेला.

चौथ्या दिवशी निधी शाळेत गेल्यावर वानती त्याला म्हणाली, "तुमाले मोकळं वाटलं असन. मले पोलिसांनी नेलं, तुमाले आत टाकलं, तं पोरीले कोण पायन?"

उद्धवनं अकोटला बहिणीला, अनसूयाला, फोन लावला. निधीला ठेवून घेशील का, एवढंच कसंबसं विचारलं.

"आणून सोड ना," अनसूया म्हणाली. "किती दिवसांसाठी?"

उद्धवनं वानतीकडे पाहिलं. तिनं तोंड फिरवलं. पलीकडून अनसूया हॅलो, हॅलो करत राहिली.