बोगनवेलीचा ढीग

शनिवारी सुट्टीच्या तोंडावर साप दिसला आणि मी गप्प बसलो. एवढीच माझी चूक. एवढीच म्हणतोय खरा, पण घशाखाली घास उतरत नाही.

मैदानाच्या कुंपणावरची बोगनवेल आम्ही छाटली होती. फांद्यांच्या ढिगात काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप सरसर शिरला. मुकादमाला सांगितलं असतं तर साप पकडणारा येईपर्यंत तिथेच ताटकळत बसावं लागलं असतं, आणि मला घरी पळायचं होतं. म्हटलं, सोमवारपर्यंत जाईल कुठेतरी.

सोमवारी माझ्याआधीच भाऊजी ढिगाला भिडले. भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. आम्ही दोघंही या मैदानावरच माळी. मी पोहोचलो तेव्हा अर्धा ढीग गाडीत गेला होता आणि ते मनगट चोळत होते.

"काय झालं?"

"काटा. दुसरं काय असणार?"

हात ओढून पाहिला. दोन बारीक ठिपके, सूज नाही, रक्त नाही. असले ठिपके आमच्या हातांवर रोजचेच, त्यावरून काय डोंबल कळणार? हातमोजे तर भाऊजी घालतच नाहीत, पकड बसत नाही म्हणे.

"दवाखान्यात चला."

"काट्यासाठी? लोक तोंडावर हसतील."

"चला म्हणतो ना!"

"तुझं डोकं फिरलंय का सकाळी सकाळी? ते टोक धर."

मी टोक धरलं नाही. त्यांच्या मागे मागे फिरत राहिलो, आणि ते खुशाल फांद्या उचलत राहिले. शेवटी ओरडलोच, "साप होता त्यात! शनिवारी पाहिलाय मी!"

त्यांच्या हातातली फांदी खाली पडली. चांगली सणसणीत शिवी द्यायला हवी होती त्यांनी. ते सरळ गाडीकडे चालू लागले.

गाडीत त्यांचा हात हलू नये म्हणून मी मांडीवर धरून बसलो. वाटेतच त्यांच्या पापण्या जड व्हायला लागल्या. मी सारखा हाका मारत होतो आणि ड्रायव्हरवर खेकसत होतो.

दवाखान्यात औषध सुरू झालं, नाकाला नळी लागली. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत. वाचले."

ताईने माझा हात घट्ट धरला आणि ढसाढसा रडली. "तू होतास म्हणून रे!"

भाऊजींनी अर्धवट डोळ्यांनी माझ्याकडे पाहून मान किंचित हलवली, सांगू नकोस म्हणून. मला राहवेना. सगळं सांगून टाकलं.

तिने माझा हात सोडला आणि खाटेच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.