नळाचा खड्डा

ज्वारीच्या पोत्यात उभ्या केलेल्या चार बाटल्यांपैकी तीन जशाच्या तशा होत्या. चौथी काजळासारखी काळी. मायाने तिच्यावरची चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. अक्षर तिचं होतं आणि नळही तिच्याच घरचा.

वस्तीत बी.एस्सी. झालेली ती एकटीच, म्हणून ग्रामपंचायतीने पाणी तपासायचं काम तिला दिलं. बाटलीत रेघेपर्यंत पाणी भरायचं, दीड दिवस ज्वारीच्या उबेला ठेवायचं. काळं पडलं तर पाण्यात घाण. तिच्या दहा महिन्यांच्या पोरीला, मैत्रीला, पंधरवड्यात दुसऱ्यांदा जुलाब लागले होते. माया पाणी उकळून पाजायची, पण वाटी-चमचा नळाच्याच पाण्याने धुतला जायचा. शेजारच्या सावित्रीबाईंचा नातूही मलूल पडला होता. नवऱ्याला पुण्याला फोन लावला, तर समाधान म्हणाला, "दवाखान्यात ने ना. ड्युटीवर हाय, ठेवतो."

ती पोरीला कडेवर घेऊन टाकीवर गेली.

"तात्याबा, टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली होती ना?"

पाणी सोडणारे तात्याबा हसले. "टाकली की, मास्तरीणबाई. टाकीची बाटली साफ हाय म्हनता! नवी टाकी, नवे पाईप. घाण तुमच्या वस्तीतच हुडका."

बोलणं लागलं. पण टाकी साफ, अंगणवाडी साफ, वस्तीच्या तोंडाचा नळही साफ, हे तिनेच पाहिलं होतं.

चौथ्या दिवशी पाण्याची पाळी आली. वस्ती लाईनच्या शेवटाला, पाण्याला जोर नाही. म्हणून नळ बसल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या सासूने, भामाबाईंनी, तोटी काढून गुडघाभर खड्डा खणून घेतला होता. पाईप खाली कापला की धार मोठी येते. गल्लीत घरोघरी तेच. घागरी भरल्यावर माया खड्ड्याच्या काठावरच मैत्रीचे लंगोट धुवायला बसली. फेसाचं पाणी खड्ड्यात उतरलं, पाईपाचं तोंड बुडालं. तेवढ्यात टाकीवरून पाणी बंद झालं असावं. पाईप घशासारखा घुरघुरला आणि खड्ड्यातलं पाणी भराभर खाली गेलं.

खड्ड्याला तर सिमेंट होतं, जिरायला जागा नाही; पाणी पाईपानेच ओढून घेतलं होतं.

हातातला लंगोट तसाच राहिला. पुढच्या पाळीला नळाला येणारं पहिलं पाणी हेच. आपल्याकडे, आणि शेजारीही.

"आत्या, खड्डा बुजवायचा," ती सासूला म्हणाली.

"कावून? चार घागरी जास्त येतात त्या डोळ्यात सलतात व्हय?" भामाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला. "बुजव बापा. पण कोनापाशी बोलू नको. सावित्रीबाई घर डोक्यावर घील."

माया दोन दिवस गप्प राहिली. भिंतीपलीकडून नातवाचं रडणं ऐकू येत होतं. तिसऱ्या दिवशी ती सावित्रीबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काकू, माझ्याच हातून झालं. मला कळलं न्हाई. पण तुमचाही खड्डा—"

"म्हंजी माज्या नातवाला तुज्या पोरीचं धुणं पाजलंस?" सावित्रीबाई उठून उभ्या राहिल्या. "आन् वर मलाच शिकवाय आलीस? लई शिकलीस, बाई!"

संध्याकाळी सावित्रीबाईंकडून मायाची भाजीची वाटी परत आली. रिकामी. वाटी कधी रिकामी परत करायची नाही, हा गल्लीचा रिवाज होता.

पुढच्या पाळीला, खड्डा बुजवून तात्याबांनी बसवून दिलेल्या उंच तोटीतून करंगळीएवढी धार आली. समोर बाया खड्ड्यांतून भराभर घागरी भरत होत्या. एरवी कोणीतरी मैत्रीला हाक मारायची. आज कोणी मारली नाही. मायाने बाटली रेघेपर्यंत भरली आणि घागर तोटीखाली ठेवली. ती अर्धी झाली तोवर पाणी गेलं.

सावित्रीबाईंच्या खड्ड्यात पाईप घुरघुरला. तांब्या हातात धरून त्या पाईपात ओढलं जाणारं पाणी बघत राहिल्या. मग त्यांनी मायाकडे पाहिलं आणि त्या आत गेल्या.

मायाने बाटलीवर तारीख घातली, पुन्हा आपलंच नाव लिहिलं आणि बाटली ज्वारीत खोचली. दीड दिवस, मग कळणार होतं काळी पडते की नाही. कडेवरची मैत्री झोपली होती. माया तिचं कपाळ चाचपत पोत्यापाशीच बसून राहिली.