बुडाखालचा लाल ठिपका

बुधवार, १४ ऑगस्ट. इथे दक्षिण गोलार्धात ऑगस्ट म्हणजे हिवाळा; सकाळी गवतावर दंव गोठलं होतं. दुपारी कोरडं ऊन आणि पश्चिमेचा धुळकट वारा.

मी कूराबिल गावच्या चर्चच्या स्वयंपाकघरातला एक पांढरा कप. साठ वर्षं गप्प राहिलो, आज बोलतोय. कपाला आपली लाज झाकणं सोपं असतं. तो तिच्यावरच बसतो.

१९६३ साली खोक्यातून आम्ही बारा जण निघालो. नोरीन तेव्हा तेरा वर्षांची होती. रविवारच्या चहाचं सगळं तिच्या आईकडे असे. गोऱ्यांच्या या चर्चमध्ये नदीपलीकडच्या वस्तीतले काळे मूळनिवासी प्रार्थनेला येऊ लागले होते. आई म्हणाली, "यातले सहा वेगळे काढ गं, आणि खूण कर. मिसळायला नकोत."

नोरीनकडे वाढदिवसाची नेलपॉलिशची बाटली होती, लालभडक. जीभ दातांत धरून तिने माझ्या बुडाला नीटस ठिपका लावला आणि फुंकर घालून वाळवला. मला वाटलं, माझा शृंगार झाला. सहाजणांत मीच जास्त मिरवलो. हे सांगताना आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मग त्या वस्तीतली आयव्ही माझ्यातून चहा पिऊ लागली, मागच्या दाराशी, नळाजवळ उभी राहून. चर्चचे कपडे तीच धुवायची. तिने धुतलेली चादर प्रभूच्या मेजावर चालायची. तिचं तोंड लागलेला कप मात्र खालच्या फळीवर. सोबत तिची मुलगी एल्वा असे. आयव्ही तिला शिकवायची, "आधी कप उलटा करून बघ. चुकीचा उचललास तर सगळ्यांसमोर हातातून काढून घेतील."

माझे पाच भाऊ फुटले. नोरीनची आई गेली, आयव्हीही गेली. नोरीन चौऱ्याहत्तर वर्षांची झाली. मला तिने कधी टाकलं नाही, कधी वापरलंही नाही.

यंदा पास्टर ग्लेनने वर्णभेदावर सहा आठवड्यांचा अभ्यासवर्ग घेतला. प्रत्येकाला एक वही. तिसऱ्या आठवड्यात प्रश्न होता: 'आपल्या चर्चमध्ये वर्णभेद कोणत्या रूपात होता?' नोरीनने माझ्या शेजारीच वही ठेवून लिहिलं, 'आमच्याकडे नव्हता.' मी तिथेच, ठिपक्यावर बसून होतो.

आज शेवटचा वर्ग, आणि पाहुणी म्हणून एल्वा येणार होती. ऐनवेळी एक कप कमी पडला. नोरीनने मला काढलं, धुतलं आणि स्वतःच्या जागेवर ठेवलं.

एल्वा आली, पण बसली नाही. मेजाच्या कडेने चालत एकेक कप उलटा करून बघू लागली.

"कंपनीचं नाव बघतेस होय?" नोरीन हसली. "साधेच आहेत बाई, स्वस्तातले."

"नाव नाही. माझा कुठला ते बघतेय."

आणि तिने मला उलटं केलं. नोरीनच्या हातातली किटली तशीच राहिली.

पास्टर घाईने म्हणाला, "एल्वा आंटी, ते दिवसच तसे होते..."

"दिवसांनी नाही लावला, ग्लेन," नोरीन म्हणाली. "मी लावला. माझ्या नेलपॉलिशने."

"रंग मात्र झकास निवडला होतास," एल्वा म्हणाली.

नोरीनने सुरी उचलली. "थांब, खरवडून टाकते."

"खबरदार! तो गेला की उद्या म्हणशील, असलं काही नव्हतंच. माझी आई त्या नळाशी उभी असायची, हे मग कोण सांगणार?"

नोरीन खाली बसली. "मला माहीत होतं, एल्वा. वहीत लिहिलं तेव्हाही माहीत होतं."

"मग वहीत तसं लिही."

माझा ठिपका पुसू नका, एवढंच माझं मागणं आहे. आणि कोणाच्या घरी माझ्यासारखा कप असेल, तर तोही उलटा करून बघा.

नोरीनने 'आमच्याकडे नव्हता' हे खोडलं. खाली लिहिलं: 'होता. सहा कप. मी खूण केली.' मग ते सगळ्यांसमोर वाचलं. एल्वाने चहा घेतला नाही. चार वाजून दहा मिनिटांनी ती गेली. मी नळासमोरच्या खिडकीत पालथा आहे.